माग सुरू झाले की यूएसबी तुटतं : डोंगल, टॅबलेट, हार्ड डिस्क, सगळंच

जकार्ड_पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात राहते आणि टॉवेल-चादरीची जकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) डिझाइनं करते. खाली आमचेच आठ माग आहेत, वरच्या मजल्यावर माझी खोली आणि तिथंच हा डेस्कटॉप. वडील ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. आता दोन मागांवर २६८८ हुकांचं (ताण्याचे धागे उचलणारे आकडे) इलेक्ट्रॉनिक जकार्ड आहे. फाइल संगणकावर करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि जिना उतरून खाली कंट्रोलरला लावायची. म्हणजे आमचं सगळं पोट त्या एवढ्याशा यूएसबीच्या खाचेतून जातं.

त्रास असा आहे. काम चालू असताना मधेच विंडोजचा तो तुटल्याचा आवाज येतो. कधी हार्ड डिस्क जाते, कधी पेन टॅबलेट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा लॉक डोंगल, म्हणजे यूएसबीत कायम लावून ठेवायची त्याची छोटी किल्ली. डोंगल क्षणभर दिसेनासा झाला तरी सॉफ्टवेअर "लॉक सापडत नाही" म्हणतं आणि सेव्ह न केलेलं सगळं घेऊन बंद होतं. गेल्या गुरुवारी एका लॉजच्या नावाचा टॉवेल करत होते. विणीत अक्षरांची वळणं नीट बसवायला तीन तास लागले होते, त्यातले दोन तास गेले. सारखं सेव्ह करायची सवय लावून घेतलीय, पण अक्षराच्या वळणात डोकं गेलं की हात विसरतो.

त्याच्या आधीच्या आठवड्यात पेन ड्राइव्हवर कॉपी होताना मधेच तुटलं असणार, मला कळलं नाही. जॉबरनं (माग लावून देणारा कारागीर) फाइल लावली आणि नऊ टॉवेल निघाल्यावर बघितलं तर बॉर्डरच्या वर एक आडवा पट्टा. नऊच्या नऊ सेकंडमध्ये, म्हणजे खराब मालात गेले.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. विंडोज १० नव्यानं टाकलं. चार पोर्टचा हब आणला, त्यानं त्रास वाढलाच. एका दुकानात एसएमपीएस (संगणकाच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. काही फरक नाही. दुसऱ्या दुकानात सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, आणि संगणक २०१९ चा असल्यामुळे त्या सॉकेटचा नवा बोर्ड मिळणार नाही, अख्खा संगणकच घ्या.

जोडणी अशी आहे. डोंगल आणि टॅबलेट मागच्या पोर्टला. पेन ड्राइव्ह समोरच्या पोर्टला. हार्ड डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते म्हणून तीन मीटरच्या एक्स्टेंशननं समोरच. वायरलेस माउसचा रिसीव्हर मागं, आणि तो माउसही अधूनमधून अडकत अडकत चालतो.

नवा संगणक घ्यायचा तर घेऊ, पण तो आणूनही हेच व्हायलं तर? नेमकं काय खराब आहे हे शोधायचं कसं, तेवढं सांगा.

नवीपेठ_रिपेअर

ताई, आठ दिवस काहीही विकत घेऊ नका.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. यूएसबीच्या तक्रारीत बहुतेक लोक एकेक भाग बदलत जातात, आणि बदलताना केबल हलते, पोर्ट बदलतो, म्हणून दोन दिवस बरं चालतं आणि वाटतं की सापडलं. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट आली नाही आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. सगळी उपकरणं एकदम तुटतात का एकेक? एकच तुटत असेल तर दोष त्या उपकरणात, त्याच्या केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्यात. वेगवेगळ्या पोर्टवरची दोन-तीन एकाच क्षणी तुटत असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं.

म्हणून एक वही करा. वेळ, काय तुटलं, कुठल्या पोर्टला होतं, आणि त्या क्षणी घरात-कारखान्यात काय चाललं होतं. हे शेवटचं लिहायचा कंटाळा करू नका. यूएसबीलॉगव्ह्यू नावाची छोटी फुकट युटिलिटी आहे, ती चालू ठेवली की लावल्या-काढल्याची नोंद वेळेसकट आपोआप होते, त्यावरून वही ताडून बघता येते. डिव्हाइस मॅनेजर उघडून "व्ह्यू"मध्ये "डिव्हायसेस बाय कनेक्शन" करा, कुठलं उपकरण कुठल्या रूट हबवर (संगणकातला पोर्टांचा मूळ गट) बसलंय ते झाडासारखं दिसेल.

हब आधी काढून ठेवा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसतो तो त्याच ५०० मधून स्वतः खातो आणि उरलेल्यातून नियमाप्रमाणे दर पोर्टला १०० देतो. त्यावर फिरती हार्ड डिस्क चालायची नाही. ती सुरू होतानाच तेवढे मागते.

ते तीन मीटरचं एक्स्टेंशनही काढा. स्वस्त केबलमध्ये वीज नेणारी तार बहुतेक २८ एडब्ल्यूजीची (तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) असते. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायचे तीन आणि यायचे तीन असे सहा मीटर धरले तर सव्वा ओहमच्या वर. अर्धा अँपिअर वाहिला की तारेतच साडेसहा दशांश व्होल्ट पडले. पोर्टवर ४.७५ ते ५.२५ असायला पाहिजेत, तुमच्या डिस्कपाशी साडेचारसुद्धा पोचत नसतील. यूएसबीला मधे लावायचा छोटा मीटर मिळतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. तेवढा एक घ्या, वाया जाणार नाही.

आणि हे सांगा, पेन ड्राइव्ह दिवसातून किती वेळा लावता-काढता?

केगाव_हॉस्टेल

काकांनी सांगितलंय त्यात दोन गोष्टी घालतो.

पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सेटिंग्ज, तिथं "सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. डिव्हाइस मॅनेजरात प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती खूणही काढा. थोडा वेळ हात न लावलेलं उपकरण झोपवायचं आणि मग ते नीट उठत नाही, असं काही टॅबलेटच्या बाबतीत होतं.

दुसरं, विंडोजचा दोष आहे का नाही हे एका दुपारी कळेल. पेन ड्राइव्हवर उबुंटू टाकून त्यावरून संगणक चालू करा, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं "ट्राय". टर्मिनलमध्ये "सुडो डीमेसेज -डब्ल्यू" चालवून ठेवा आणि टॅबलेट वापरत बसा. तिथंही तुटलं तर ड्रायव्हर, विंडोज, व्हायरस सगळं सुटलं. एरर उणे ७१ दिसली तर तारेवरचं बोलणं बिघडतंय, उणे ११० म्हणजे उपकरणानं वेळेत उत्तरच दिलं नाही. जे दिसेल त्याचा फोटो काढून इथं टाका.

जकार्ड_पूर्वभाग

वही केली. आठ नाही, नऊ दिवस ठेवली, कारण मधे एक दिवस माग बंद होते आणि तो दिवस मला मुद्दाम हवा होता.

नऊ दिवसांत एकूण २३ वेळा तुटलं. त्यातलं ११ वेळा नुसती हार्ड डिस्क, आणि ती समोरच्या पोर्टवर असतानाच. पाचव्या दिवशी एक्स्टेंशन काढून तिच्या स्वतःच्या आखूड केबलनं मागच्या पोर्टला लावली, त्यानंतर ती एकटी एकदाही तुटली नाही. मीटर आणला. मागच्या पोर्टला ५.०६ व्होल्ट. समोर एक्स्टेंशनच्या टोकाला नुसतं असताना ४.९१, आणि डिस्क फिरायला लागली की ४.३८. काका, तुमचा हिशोब तसाच्या तसा आला.

पेन ड्राइव्ह दिवसातून पाच वेळा तरी. डिझाइन पहिल्यांदा मागावर चढतं त्या दिवशी दहा वेळासुद्धा.

उरलेल्या १२ वेळा मात्र डोंगल आणि टॅबलेट दोन्ही एकदम गेले, कधी डिस्कही बरोबर. मी कॉलम बघत बसले. बारापैकी दहा वेळा शेवटच्या रकान्यात मी एकच लिहिलंय : माग सुरू केले, माग बंद केले, लाइट येऊन माग चढवले. सकाळी आठला, जेवणाच्या सुट्टीनंतर, लाइट गेली-आली की. ज्या दिवशी माग बंद होते त्या दिवशी एकदाही नाही. हे इतके महिने माझ्या कानाखाली चाललं होतं आणि मला दिसलं नाही, कारण मागाच्या आवाजाची इतकी सवय आहे की तो सुरू झाल्याचं कळतच नाही.

केगावच्या दादांनी सांगितलं तसं उबुंटूवरून संगणक चालू केला आणि भावाला खाली उभं केलं. तो फोनवर "टाकतो" म्हणायचा आणि स्विच टाकायचा. चौथ्या मागाला टॅबलेट गेला आणि पडद्यावर ओळ आली, "डिसेबल्ड बाय हब", पुढं कंसात "ईएमआय" (बाहेरून येणारा विद्युत गोंगाट) आणि प्रश्नचिन्ह. म्हणजे विंडोज नाही. सिलेक्टिव्ह सस्पेंड तिसऱ्या दिवशीच बंद केलं होतं, त्यानं ह्या बारात काही कमी झालं नाही.

माउसचं वेगळंच दिसतंय. तो मागांशी काही संबंध नसतानाही अडकतो, पण डिस्कवर कॉपी चालू असतानाच.

आणि एक, याचा संबंध असेल-नसेल. फरशीवर अनवाणी बसलं आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला पाय लागला की झिणझिण्या येतात. पहिल्यापासून येतात, उन्हाळ्यात जास्त. म्हणून मी पायाखाली गोणपाट घेते.

नवीपेठ_रिपेअर

वही अशी कुणी ठेवत नाही, ताई. तीन वेगळे दोष होते आणि तिघांचा आवाज एकच येत होता.

डिस्कचं मिटलं. माउसचं सोपं आहे. यूएसबी ३.० चा डेटा वाहतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, वायरलेस माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ मध्येच याच्यावर टिपण काढलं होतं. तुम्ही डिस्क मागं लावलीत ती निळ्या पोर्टला लावली असणार, आणि रिसीव्हर तिच्या शेजारीच. रिसीव्हर अर्ध्या मीटरच्या आखूड वायरनं लांब, टेबलावर आणून ठेवा. त्याला वीज फारशी लागत नाही, तिथं वायर चालते.

पेन ड्राइव्हचंही लिहून ठेवा. यूएसबीचा तो नेहमीचा चपटा जोड १५०० वेळा लावण्या-काढण्यासाठी धरलेला असतो. दिवसाला पाच वेळा म्हणजे वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत १५०० झाले. तुमचा समोरचा पोर्ट २०१९ पासून चाललाय. आतल्या पत्त्या सैल झाल्या असणार, वर सुताचं तूस. त्याचा नाद सोडा.

बारा वेळचं जे आहे, आणि त्या झिणझिण्या, त्यावर माझ्यापेक्षा जास्त जाण असलेलं कुणी बोलेल तर बरं. मला संशय आहे, पण तो बोर्डाच्या आतला विषय आहे.

निवृत्त_वायरमन

मी बोलतो. आणि आधी एवढंच सांगतो की ती गोणपाटाची युक्ती आजपासून बंद. ती झिणझिण्यांची गोष्ट शेवटी दोन ओळींत लिहिली आहे, ती पहिली लिहायला हवी होती. तुमच्या खोलीच्या सॉकेटला अर्थिंग नाही.

एसएमपीएसच्या आत दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला आणि एक न्यूट्रलपासून कॅबिनेटला. मेनमधून आलेला कचरा अर्थमध्ये सोडून द्यायचा हे त्यांचं काम. अर्थ तुटलेला असेल तर कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध लटकतं, म्हणजे २३० च्या निम्मे, ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या एसएमपीएसमध्ये इन्सुलेशन खरंच गेलं तर पूर्ण २३० कॅबिनेटवर येतील आणि त्यांना जायला वाट तुमच्या अंगातून.

आता यूएसबी. त्या केबलमधले व्होल्ट ज्या शून्यापासून मोजतात ते शून्य म्हणजे तुमचं कॅबिनेटच. मागाची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच ते सात पट ओढते, काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) लागताना-सुटताना ठिणगी पडते, त्याचा झटका सगळ्या तारांवर येतो. अर्थ असता तर त्या दोन कपॅसिटरमधून जमिनीत गेला असता. नाही म्हणून तो कॅबिनेटवर येतो आणि तिथून जी लांब तार दिसेल तिच्यात घुसतो. यूएसबीच्या जलद गतीचा इशारा (सिग्नल) जेमतेम ०.४ व्होल्टचा, तो त्यात टिकणार कसा? यूपीएसनंही काही झालं नाही, कारण यूपीएस अर्थ तयार करत नाही. भिंतीतल्या पिनेला जे असेल तेच तो पुढं देतो.

लायसन्सवाल्या वायरमनला बोलवा. त्याला तीन मापं घ्यायला सांगा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं एक-दोन व्होल्टच्या आत हवं. मग अर्थची तार खोलीपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत हातानं चाचपत जायला सांगा. तुमच्याकडे खड्डा असेलच, कारखाना आहे, पण तो शेवटचा कधी बघितला? आपल्या सोलापुरात वर काळी माती हातभर, खाली मुरूम आणि पाषाण. मे महिन्यात तो खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थ कागदावरच राहते. झिणझिण्या उन्हाळ्यात जास्त म्हणालात ते याच्याशी जुळतं.

कुणी "अर्थची पिन न्यूट्रलला जोडतो, झटकन होईल" म्हणाला तर त्याला घरी पाठवा. नळाच्या पाइपलाही नाही. आणि खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

जकार्ड_पूर्वभाग

उशिरा लिहितेय, ऑर्डर पुरी करायची होती.

वायरमन आले. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १३१ आणि काटा स्थिर राहीना, न्यूट्रल-अर्थ ९४. ते काही बोलले नाहीत, आधी संगणकाची पिन उपटून ठेवली. मग तार धरत खाली गेले. दोन ठिकाणी दोष निघाला. जिन्याजवळ प्लास्टर केलं होतं तेव्हा हिरवी तार कापली गेली होती, तिचं टोक भिंतीत तसंच. म्हणजे माझ्या खोलीला अर्थ नव्हतीच. आणि अंगणातल्या अर्थच्या पाइपवरचा नट गंजून तार नुसती टेकली होती, म्हणजे आठ मागांनाही नावापुरतीच. माझ्या डोंगलच्या मागं लागून हे निघालं. त्या मागांवर दिवसरात्र माणसं हात ठेवून उभी असतात, त्यात माझा भाऊ आहे. त्या रात्री मला डिझाइनचं काही सुचलं नाही.

खड्डा नव्यानं काढला. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल आणि झाकण. मागांना वेगळी अर्थ पट्टी, माझ्या खोलीला वेगळी तार. अर्थ टेस्टरवर ३.२ ओहम आलं, आणि माझ्या सॉकेटला न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट. आरसीसीबी बसवला, त्याचं टेस्टचं बटण वायरमननी मला स्वतः दाबायला लावलं. स्क्रूला पाय लावून बघितला. काही नाही.

त्याला आज सोळा दिवस झाले. वही अजून चालू आहे. सोळा दिवसांत एकदाच तुटलं, एकटा टॅबलेट, माग चालू-बंद काही नसताना. त्याची केबल टोकाशी वाकून वाकून आतून तुटत आली होती, हातानं हलवलं की जायची-यायची. केबल बदलली. भावाला पुन्हा खाली उभं केलं आणि आठही माग एकामागोमाग टाकायला लावले. डोंगल हलला नाही.

पेन ड्राइव्हला आता मागच्या पोर्टमधून अर्ध्या मीटरची जाड वायर टेबलाच्या कडेला बांधली आहे. झिजली तर वायर झिजेल, पोर्ट नाही. ती दर दिवाळीला बदलायची असं ठरवलंय. पोर्टमधलं तूस मशिन बंद करून मऊ ब्रशनं काढलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. आणि फाइल कॉपी झाली की आधी "इजेक्ट", पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा, त्यावरचीच फाइल उघडून पिकांची (आडव्या धाग्यांची) संख्या मोजून बघायची आणि मगच जिना उतरायचा. दोन मिनिटं जातात. नऊ टॉवेल जाण्यापेक्षा बरं.

लॉजचे टॉवेल परवा गेले, अक्षरं फार सुंदर आलीत.

वायरमन काका, एक विचारायचं राहिलं. त्या फनेलमध्ये पाणी किती आणि कधी घालायचं?

निवृत्त_वायरमन

पावसाळ्यात काही नको. दिवाळीनंतर आठवड्याला एक घागर, मार्चपासून आठवड्याला दोन. मीठ दरवर्षी बघायचं. आणि झाकणावर सुताचे बाचके ठेवू देऊ नका, नाहीतर पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

जकार्ड_पूर्वभाग

बाचके आजच ठेवले होते. उचलायला लावले.